चार फुटांची टाकी आणि बायकोचं गणित

मंडळी, आधीच सांगून टाकतो. हा लेख घरात मोठी काचेची टाकी, म्हणजे फिशटँक, आणण्याच्या बाजूने आहे. तटस्थ वगैरे अजिबात नाही. मी गेले अकरा महिने ह्या एका मुद्द्यावर घरात भांडतोय, त्यात तीनदा सपशेल हरलोय, आणि तरीही मला वाटतं की मीच बरोबर आहे. फक्त ज्या कारणासाठी बरोबर आहे असं मला वाटत होतं, ते कारण चुकीचं निघालं. ते कसं, तेच सांगायचंय.

पार्श्वभूमी थोडक्यात. शेगावला इंजिनिअरिंग केलं, २०१९ ला पुण्यात नोकरीला लागलो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन तेल्हाऱ्याला घरी आलो तो इथेच रुळलो. कंपनीला महिन्यातून एक आठवडा तोंड दाखवायला जातो. पुण्यातल्या मित्रांसाठी: तेल्हारा हा अकोला जिल्ह्यातला तालुका. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचं खोरं. डोंगराच्या पायथ्याच्या बाजूला संत्री, केळी आणि गोडं पाणी. पूर्णेकडे सरकत गेलं की खारपाणपट्टा. तिथे बोअर मारली तर पाणी लागतं, पण ते पिता येत नाही, डाळ शिजत नाही आणि शेताला द्यावं तर जमीन चिकट होऊन बसते. हा पट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. मी उत्तरेकडचा. बायको दक्षिणेकडची. ह्या एका वाक्यात आमच्या निम्म्या भांडणांचं मूळ आहे.

आता मासे. तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या वाढदिवसाला कुणीतरी गोल काचेचा बाउल आणि त्यात दोन गोल्डफिश असं प्रेझेंट दिलं. भाचा दोन तास खेळला आणि ते प्रकरण माझ्या टेबलावर आलं. नऊ दिवसांत दोन्ही मासे मेले. मला वाईट वाटलं, तर आत्या म्हणाली, "जाऊ दे बाप्पा, घरावरचं संकट त्याईनं घेतलं."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मासा मेला म्हणजे घरावरची पीडा टळली. वास्तूवाले हे सांगतात, दुकानदार सांगतात, आणि 'आठ लाल एक काळा' अशी नऊ माशांची सेटं ह्याच बोलीवर विकली जातात. इतकी सोयीस्कर श्रद्धा मी दुसरी पाहिली नाही. मासा जगला तर शोभा, मेला तर पुण्य, आणि दोन्ही बाबतींत दुकानदाराचं गिऱ्हाईक पक्कं! त्या माशांनी कुणाचंही संकट घेतलं नव्हतं. ते अमोनियाने मेले. त्यांना त्यांच्याच मुताच्या पाण्यात आम्ही नऊ दिवस कोंडून ठेवलं होतं, आणि रोज दोनदा कौतुकाने दाणे टाकून त्यात भर घालत होतो.

मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत जात नाही. टाकीत काही जिवाणू वस्तीला आले तर ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बरंच कमी विषारी. पण ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नऊ दिवसांत ती कुठून बसणार? त्यात आमचं वऱ्हाडातलं पाणी अल्कधर्मी. पाण्याचा पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला खरा विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, तोच पीएच ८.५ ला पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे पुण्यातल्या बाउलमध्ये जो मासा महिनाभर तग धरेल, तो आमच्याकडे आठवड्यात आडवा. दुकानदाराने हे सांगितलं नाही. त्याने सांगितलं, "भाऊ, काहीच करायचं नाही, फक्त दाणे टाकायचे."

रोमच्या महापालिकेने २००५ साली गोल बाउलमध्ये गोल्डफिश ठेवायला बंदी घातली, तेव्हा जगभर लोक हसले होते. मी आता हसत नाही.

तर, अपराधी वाटून मी दोन फुटी टाकी आणली. दोन बाय एक बाय एक फूट. त्यात चार गोल्डफिश, प्रत्येकी दोन इंचाचे. आणि इथे माझी पहिली घोडचूक. दुकानात दोन इंचाचा दिसणारा गोल्डफिश हे पिल्लू असतं! साधा गोल्डफिश नीट सांभाळला तर वीतभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. गाईचं वासरू शूबॉक्समध्ये विकत आणावं आणि वर्षभराने बॉक्स लहान का पडतोय म्हणून डोकं खाजवावं, तसं झालं. वर्षभरात चारही मासे तळहाताएवढे झाले आणि टाकीत वळताना शेपट्या काचेला लागायला लागल्या.

मोठी टाकी आणायची हे मी तेव्हाच ठरवलं. चार बाय दीड बाय दीड. नऊ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर २५५ लिटर.

इथे जरा थांबून ज्या जमातीचा मी सदस्य आहे तिच्याविषयी बोलायचंय. मासे पाळणारे नवरे. ही मंडळी एकमेकांना जे सल्ले देतात ते ऐकून तुम्हाला वाटेल की बायको म्हणजे एक फायरवॉल आहे आणि तिच्यातून पॅकेट कसं पास करायचं एवढाच प्रश्न आहे. 'ती माहेरी गेली की आणून ठेव.' 'लग्नाच्या वाढदिवसाला तिलाच गिफ्ट दे.' 'किंमत निम्मी सांग.' 'आधी सहा फुटी माग, मग चार फुटीवर ये, तिला जिंकल्यासारखं वाटेल.' हे शेवटचं तर व्यवस्थापनाच्या ट्रेनिंगमध्ये पैसे घेऊन शिकवतात. आणि हे सगळं गंमत म्हणून सांगतात, ह्याचा मला राग येतो. एरवी आपण मोठे समानतावाले. स्वयंपाकघरात चहा करून त्याचा फोटो टाकणारे. पण घरात अडीचशे किलोची वस्तू कायमची आणायची वेळ आली की 'पटवणे' हा शब्द येतो. पटवणे म्हणजे काय? समोरच्याला पटणं आणि समोरच्याला पटवणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे मी ज्ञान म्हणून पाजळत नाहीये. मी स्वतः त्यातलीच एक युक्ती केली, आणि ती ह्या सगळ्यांहून हलकट होती, कारण ती आकड्यांची होती. मी एक्सेल शीट बनवलं.

पण त्याआधी बायकोचा आक्षेप काय होता ते सांगायला हवं. जागेचा नव्हता. घर तळमजल्याचं, त्यामुळे स्लॅबचाही नव्हता. (वडिलांचा होता. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यावरची फरशी हलते आणि फरशी हलली की काचेचा जोड सुटतो, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर होतं. खाली सिमेंटचा सपाट ओटा करायचं ठरलं, विषय संपला.) पैशाचाही फारसा नव्हता. तिचा आक्षेप एका शब्दाचा होता. पाणी.

तिचं गाव पूर्णेकाठी. घरच्या बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला चार हजार मिलिग्रॅमच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पाचशेपर्यंत ठीक म्हटलंय, आणि दुसरा उद्भवच नसेल तर नाइलाज म्हणून दोन हजारांपर्यंत. लहानपणी ती आणि तिची बहीण सायकलच्या दोन्ही बाजूंना डबक्या बांधून गोडं पाणी आणायच्या. तिच्या मोठ्या काकांचं डायलिसिस तिने कॉलेजात असताना पाहिलंय. खारपाणपट्ट्यात किडनीच्या तक्रारी हा गावागावांत बोलायचा विषय आहे. कोणत्या घरात कोण 'मशीनवर' आहे ते लोक शेतीच्या भावासारखं सांगतात. अशा घरातून आलेल्या मुलीला मी म्हणत होतो की दिवाणखान्यात अडीचशे लिटर गोडं पाणी मासे फिरावेत म्हणून भरून ठेवू.

हे गोडं पाणी येतं कुठून, तर वान प्रकल्पातून. वारी भैरवगडजवळचं हनुमान सागर धरण. त्यातून तेल्हारा, अकोट, शेगाव अशा गावांना आणि चौऱ्यांशी खेडी योजनेतल्या गावांना पिण्याचं पाणी जातं, वर शेतीचं सिंचन. अकोला शहरासाठी ह्या धरणाचं पाणी राखून ठेवायची गोष्ट निघाली तेव्हा आमच्या तालुक्यातले शेतकरी आंदोलनाला बसले होते. म्हणजे ह्या गावात पाणी हा गुळगुळीत विषय नाही. इथे पाण्यावरून माणसं रस्त्यावर उतरतात.

आई तर एका वाक्यात मोकळी झाली. "एवढं पाणी मासोयाईले? अन आम्ही पोराईच्या आंघोयी दोन गुंडात करत होतो."

मग मी शीट बनवलं. माझा दावा असा की मोठी टाकी पाणी वाचवते! छोट्या टाकीत, खडी आणि वरची मोकळी जागा सोडून, साधारण पन्नास लिटर पाणी बसतं. मासे मोठे झाल्यामुळे आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदलावं लागतं. म्हणजे आठवड्याला पन्नास लिटर. मोठ्या टाकीत बसेल दोनशे वीस लिटर, आणि मोठ्या टाकीत आठवड्याला फक्त दहा टक्के पाणी बदललं तरी चालतं असं मी ठामपणे लिहिलं. म्हणजे बावीस लिटर. निम्म्याहून जास्त बचत! वर्षाला चौदाशे लिटर! त्याचा हिरव्या रंगाचा बार चार्ट केला. क्लायंटला दाखवतो तसा दाखवला.

ती अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठातून मृदाशास्त्र शिकलेली आहे, हे मी प्रेझेंटेशनच्या भरात विसरलो.

तिने दोन मिनिटं शीट पाहिलं आणि विचारलं, "मासे तेच चार ना?"

हो.

"दाणे तेवढेच टाकशील?"

हो.

"मग घाण कमी काहून होईल?"

मी म्हटलं घाण तेवढीच, पण जास्त पाण्यात मिसळते ना, पातळ होते.

"पहिल्या आठवड्यात होईल. मग?"

मग तिने वहीवर जे मांडलं ते मला तिसऱ्या सेमिस्टरला यायला हवं होतं. टाकीत आठवड्याला ठरावीक नायट्रेट तयार होतं. ते साचू द्यायचं नसेल तर आठवड्याला तेवढंच बाहेर काढलं पाहिजे. बाहेर काढलेलं नायट्रेट म्हणजे काढलेलं पाणी गुणिले त्यातलं प्रमाण. प्रमाणाची मर्यादा तीच ठेवायची असेल, तर काढायचं पाणीही तेवढंच राहणार. टाकी पन्नास लिटरची असो, दोनशे वीसची, नाहीतर वान धरणाएवढी. पन्नास लिटर म्हणजे पन्नास लिटर. मी बावीस काढले तर नायट्रेट हळूहळू वाढत जाऊन सव्वादोन पटीवर जाऊन थांबेल. टाकीचा आकार फक्त तिथे पोचायला किती दिवस लागतील ते ठरवतो, कुठे पोचणार ते नाही.

"हे आम्ही जमिनीसाठी शिकतो," ती म्हणाली. ओलिताच्या पाण्यासोबत शेतात क्षार येतात. पीक पाणी पिऊन घेतं, ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मागे राहतात. ते मुळांच्या खाली धुऊन नेण्याइतकं जास्तीचं पाणी द्यावं लागतं, त्याला लीचिंग म्हणतात. खारपाणपट्ट्यात गोची अशी की द्यायचं पाणीच खारं, आणि चिकण काळ्या मातीतून ते खालीही उतरत नाही. आत येणारं बाहेर गेलं नाही की साचतं, एवढाच तो सिद्धांत.

आणि मग तिने शेवटचा खिळा ठोकला. मोठ्या टाकीचं तोंड किती? चार बाय दीड, सहा चौरस फूट. छोटीचं दोन. म्हणजे उन्हाळ्यात उडून जाणारं पाणी तिप्पट. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, हवा कोरडी खट्ट. दिवसाला अर्धा सेंटिमीटर पाणी उडालं तरी पावणेतीन लिटर रोजचे. उडतं ते शुद्ध पाणी, मागे राहतात क्षार. वरून पुन्हा भर घालणार ती बोअरच्या जड पाण्याची. "दोन उन्हाळ्यांत तू दिवाणखान्यात खारपाणपट्टा तयार करशील," ती म्हणाली.

मी शीट बंद केलं.

रागाच्या भरात मी कूलर काढला. (वादात हरत आलो की दुसऱ्याचा दोष काढायचा, ही आपली राष्ट्रीय पद्धत.) घरात दोन डेझर्ट कूलर, मे महिन्यात दोन्ही मिळून दिवसाला शंभर लिटर तरी पितात. त्यांचा हिशेब कोण मागतं? आरओ मशीन एक लिटर पाणी गाळायला दोन-तीन लिटर नालीत सोडतं, त्याचा बार चार्ट कुठाय? अंगणातला सडा? मोटरसायकल धुणं? चार जिवांना आठवड्याला पन्नास लिटर लागले की लगेच दुष्काळ आठवतो! हा मुद्दा अजूनही मला बिनतोड वाटतो. पण बायकोने तो एका वाक्यात उडवला. "कूलर माणसाले लागते, अन तो तू हौस म्हणून नाही आणला."

मग सगळ्यांनी मिळून जो सुवर्णमध्य काढला तो असा की मासे सोडून द्या. आई म्हणाली विहिरीत सोड. मित्र म्हणाला वानच्या धरणात सोड, पुण्य लागेल. ह्यावर मात्र मी अजिबात मागे हटलो नाही, आणि तुम्हीही हटू नका. बाजारातला शोभेचा मासा नदीनाल्यात, धरणात सोडणं म्हणजे पुण्य नव्हे. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासा येतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, टाकीच्या काचेवरचं शेवाळ खातो म्हणून दुकानातून आपल्या घरांत आला आणि घरांतून नदीत. त्याला बाजारात भाव नाही, काट्यांनी जाळी फाटतात, आणि आपल्या माशांची जागा तो खातो. कुणीतरी पुणेकर किंवा सोलापूरकर नवऱ्याने 'मासा मोठा झाला, टाकी लहान पडते, बायको मोठी आणू देत नाही' म्हणून सुवर्णमध्य काढला असणार. विहिरीत सोडायचेच तर गप्पी मासे सोडा, डासांच्या अळ्या खातात, हिवतापवाले स्वतः सोडतात. गोल्डफिश नाही.

असं ते मार्चपासून मेपर्यंत रेंगाळलं. मग गेल्या वर्षीच्या जूनमधली ती रात्र.

मी पुण्यात होतो, महिन्याच्या हजेरीला. संध्याकाळी तेल्हाऱ्याकडे वावधान सुटलं, तारा तुटल्या, लाइट गेली. मृगाच्या तोंडावर हे दरवर्षीचं. आमची पिढी भारनियमनात वाढलीय, बारा-बारा तास लाइट नसणं काय असतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. इन्व्हर्टर चार तासांत बसला. फिल्टर बंद, हवेचा पंप बंद. पाणी तेहतीस अंशांवर. गरम पाण्यात ऑक्सिजन तसाच कमी मावतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम मावत असेल तर पस्तीस अंशांना सातसुद्धा धड नाही. आणि मासे तळहाताएवढे, पाणी पन्नास लिटर. रात्री अकराला तिचा फोन आला. मासे वर येऊन तोंड उघडतायत, काय करू?

मी फोनवरून सांगितलं, मगाने पाणी उचल आणि वरून धार सोड. हवा मिसळते. दर दहा मिनिटांनी.

ती पहाटे पाचपर्यंत ते करत होती. सकाळी तिला शेतकरी कंपनीच्या मीटिंगला जायचं होतं, तिथून शेततळ्यांची पाहणी. मी बाराला झोपलो. होय, झोपलो. हॉटेलात एसी होता. सकाळी आठला मेसेज होता. लाइट आली, तीन आहेत, एक गेला.

ह्या विषयावर मासे पाळणारे नवरे एक शब्द बोलत नाहीत. छंद एकाचा आणि पोतेरं दुसऱ्याचं. टाकी 'माझी' असते ती रविवारी, फोटो काढताना. मंगळवारी फिल्टर तुंबतो तेव्हा ती घराची असते, आणि घर कुणाचं ते आपल्याला ठाऊकच आहे. माझ्या शीटमध्ये पाण्याची ओळ होती, विजेची होती, दाण्यांची होती. महिन्यातला एक आठवडा बादल्या कोण उचलणार, ही ओळ नव्हती. ती मी लपवली नव्हती हो, मला ती सुचलीच नव्हती. ते जास्त वाईट.

मी आलो तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला. आवाज न चढवता. "मोठी टाकी असती तर?"

आता इथे खोटं बोलायची उत्तम संधी होती. 'मोठी असती तर चारही वाचले असते' असं म्हटलं असतं तर त्याच दिवशी ऑर्डर गेली असती, ती तेवढी थकलेली आणि हळवी झाली होती. पण आधीच एकदा तोंडावर पडलेलो. म्हणून दोघांनी वही घेतली.

चार मासे तेवढाच ऑक्सिजन खाणार. पाणी चौपट असेल तर संपायला लागणारा वेळ ढोबळमानाने चौपट. अमोनिया चढायलाही चौपट वेळ. पाण्याचं तोंड तिप्पट, म्हणजे हवेतून आपोआप मिसळणारा ऑक्सिजनही जास्त. दुपारी तिने ज्याला दोष म्हटलं होतं तोच रात्री गुण झाला. तापमानाचंही तसंच. छोट्या टाकीला एका घनफुटामागे पाच चौरस फूट बाहेरचा पृष्ठभाग, मोठीला तीनच्या जरा वर. म्हणजे ती दुपारी सावकाश तापते. एकूण सरासरी खोलीएवढीच राहणार, त्यात काही जादू नाही, पण झटके कमी. वाचले असते का? सांगता येत नाही, मी म्हटलं. पण तू पहाटे पाचपर्यंत उभी राहिली नसतीस. बहुतेक एकदोनदा उठावं लागलं असतं.

तर माझा खरा मुद्दा हा आहे आणि तो मी आता कुणाशीही भांडायला तयार आहे. मोठी टाकी पाणी वाचवत नाही. पैसे वाचवत नाही. ती वेळ देते. चूक झाली, लाइट गेली, दाणे जास्त पडले, माणूस गावाला गेला, तर छोटी टाकी तासात हिशेब मागते, मोठी उद्यापर्यंत थांबते. जे म्हणतात 'आधी छोटी घ्या, जमलं तर मोठी घेऊ', ते नवशिक्याला सर्वांत अवघड गाडी देऊन घाटात सोडतात. छोटी टाकी साधेपणाची आणि काटकसरीची निशाणी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक रात्र मग घेऊन उभं राहावं. टाकी तरी मोठी घ्या, नाहीतर मासेच घेऊ नका. आत्ता दुकानात उभे असाल आणि हातात पिशवीतले मासे असतील तर दुसरा पर्याय उत्तम आहे, हेही सांगतो.

आणि ज्यांच्याकडे माझ्यासारखे आधीच आले आहेत आणि वाढले आहेत, त्यांना तो पर्याय उरलेला नसतो. त्यांना आता दहा वर्षं त्या माशांची सोय लावायचीय. घरातल्या दोघांनीही.

बायको 'हो' म्हणाली का? नाही. ती म्हणाली, पाणी नळाचंही नाही आणि बोअरचंही नाही. छताचं. आमचं स्लॅबचं छत साधारण सहाशे चौरस फूट. आमच्याकडे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे कागदावर चव्वेचाळीस हजार लिटर पाणी दरवर्षी आमच्या छतावरून वाहून नालीत जातं. हा आकडा तिने काढला, मी नाही, आणि तो पाहून आई पहिल्यांदा ह्या चर्चेत गप्प झाली. छताला पन्हळ लावायची, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यायचं, मग गाळून दोन हजार लिटरची टाकी भरायची. माशांना आठवड्याला पन्नास लिटर म्हटले तर चाळीस आठवडे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नाहीतच, त्यामुळे उन्हाळ्यात भर घालताना साचण्याची भीती नाही. उलट ते इतकं नरम की थोडं बोअरचं मिसळावंच लागेल. प्रमाण ती ठरवणार, तिच्याकडे क्षार मोजायचा मीटर आहे. टाकीवर काचेचं झाकण. काढलेलं पाणी मोगरा, कढीपत्ता आणि तिच्या वांग्यांना. त्यात नायट्रेट आहे, म्हणजे खतच. टाकीत मनीप्लांटची मुळं सोडायची, ती थोडं नायट्रेट खातात, तेवढं पाणी कमी. नवीन मासा एकही नाही, मी दुकानात 'नुसतं पाहायला' गेलो तरी नाही. आणि मी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी, रात्री कितीही वाजोत, फिल्टर धुऊन पाणी बदलून मगच बॅग भरायची.

मी म्हटलं, हे सगळं केलं तर नक्की ना?

ती म्हणाली, आधी पन्हळ लाव, एक पाऊस पाहू, मग बोलू.

गेला पावसाळा पन्हळवाल्याच्या तारखांमध्ये गेला. त्याचं एकच ठरलेलं उत्तर, "या सोमवारी पक्कं भाऊ." ह्या वर्षी मार्चमध्येच त्याला धरून आणला. दक्षिणेकडची बाजू झालीय, उत्तरेची बाकी आहे. दोन हजारची काळी टाकी अंगणात येऊन पडलीय, रिकामी, त्यावर सध्या आईची पापडं वाळतायत. अकोल्याचा काचवाला दर आठवड्याला फोन करून विचारतो, दहा एमएम की बारा एमएम? त्याला मी सांगितलंय, मृग लागू दे.